तांबड्या डोक्याचा खोंड

कऱ्हाडकडून खरसुंडीच्या जत्रेला जायचं तर विट्याची पहिली एसटी धरावी. आम्ही धरली ती पांढरा खोंड विकत घ्यायला. हे पलटणीतून सुखरूप परतले तर गावच्या नाथाला पांढरा खोंड सोडीन, असा माझा नवस होता. हे आले. दुष्काळात माणदेशातून आणलेली आमची पांढरी गाभण गायही व्याली, खोंडच झाला. पण डोक्यावर तांबडं. गुरव म्हणाले, देवाला एकरंगी लागतो. आमचं गाव म्हशींचं, खिलार जातीच्या गुरांतलं कुणाला कळतंय? खरं सांगते, मला बरंच वाटलं. तो माझा पदर चघळत उभा राहायचा. विकतचा देवाला जाईल, हा घरी राहील.

विट्यात गाडी बदलली. भिवघाटाकडे ऊस संपून बाभळी लागतात. दशम्या आणि पाणी घरूनच न्यावं. दर्शन उरकून बाजारात गेलो. माळभर पांढरी जनावरं. एका म्हाताऱ्याचा खोंड पसंत पडला. रुमालाखाली बोटं धरून यांचा भाव ठरत आला होता, तेवढ्यात त्याच्या गाईला लुचणारं वासरू मला दिसलं. डोकं तांबडं. इकडूनच गाभण नेलेल्या आमच्या गाईचंही अस्संच, म्हणून तर देवाला सोडायला विकत घेतोय, असं मी बोलून गेले.

म्हाताऱ्यानं हात काढून घेतला. “किती दिसाचं हाय?”

“सव्वा महिन्याचा.”

“आवं बाई, खिलाराची लय पोरं तांबडं डोकं घिऊनच येत्यात. दोन-तीन म्हयन्यांत झडतंय. माझा कशाला नेताय?”

हे हसले. “विकायला बसलाय का शिकवायला?”

“देवाचा वळू गावच्या समद्या गाईंस्नी लागतो. म्हणून रंग बघायचा. बापात लपलेला रंग नातवात निघतोय. गाय गाभणच नेली न्हवं? मग बापबी हिकडचाच. बिनघोर सोडा.”

पैसे वाचले म्हणून हे खुशीत. परतताना मला पदर चघळणारा तोच दिसत होता. तांबडं झडतं, हे आमच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसरा खोंड घेतला असता तर खपलं असतं, पण देवापुढे नाही.

“नवस तुझाच ना?” यांनी विचारलं.

“व्हय,” म्हटलं.

दीड महिन्यात डोकं पांढरं झालं. दूध तुटेपर्यंत ठेवला. मग जिथं तांबडं होतं तिथं कुंकू लावलं, दावं माझ्याच हातानं सोडलं. देवळाला वळसा घालून तो दिवेलागणीला पुन्हा आमच्या दारात.

देवाचा वळू कुणी हाकलत नाही. मीही हाकलला नाही.