एका चढाईपुरतं मौन

“त्या केसाळ माइकला हात लावू नका रे, चावेल तो!” कबड्डीच्या मैदानावरून लाउडस्पीकर गरजला आणि वारा अडवायला फरचं टोपरं घातलेल्या माझ्या माइकभोवती जमलेली मुलं हसत मागे सरली.

आमच्या कॉलेजच्या माहितीपटासाठी आवाज टिपायचं काम माझ्याकडे आहे. रत्नागिरीच्या आसपास कुठेही सामना असला, की समालोचन करायला लाउडस्पीकरवरचे हे काका असतातच. खेळाडूचं खरं नाव ते कधी घेत नाहीत. “नाटे गावचा बारक्या निघाला, बांगड्यासारखा सुळकन!” असं म्हणतात. कुणाची पकड झाली, की आधी स्वतःच “आई गं!” करतात.

मला हवा होता चढाईतला दम, तो ‘कबड्डी कबड्डी’ म्हणणारा श्वास. दर वेळी त्यावर काकांचा आवाज बसायचा. अंतिम सामन्याची शेवटची चढाई उरली, तेव्हा मी त्यांना हेडफोन दाखवला आणि ओठांवर बोट ठेवलं. एवढ्या मोठ्या माणसाला ‘गप्प बसा’ कसं म्हणणार?

काकांनी मान डोलावली आणि माइक बंद करून छातीशी धरला.

“काका, लाइट गेली काय?” कुणीतरी विचारलं. सगळं मैदान बावरून शांत झालं. मला बारक्याचा श्वास ऐकू आला, मातीत घासणारा पाय ऐकू आला. दोघांना शिवून तो परतला आणि सामना जिंकला. काका मात्र ओठ घट्ट मिटून, लालबुंद होऊन माझ्याकडेच बघत होते.

रेकॉर्डिंग चालू होतं, तरी मी ओरडले, “काका, बोला ना आता!”