तिचे दोन भाग राहिले

दोस्तहो, सकाळपासून डोकं फिरलंय. ओटीटीवाल्यांनी ती वकिलीणबाईची सिरीज अचानक काढून टाकली.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? कॉलेज सोडलं तेव्हा रागाच्या भरात मी माझ्या जवळच्या मैत्रिणीला नको ते बोललो. तिने मला सगळीकडे ब्लॉक केलं. पण माझ्या अकाउंटमधलं तिच्या नावाचं प्रोफाइल मी काढलं नाही, पासवर्डही बदलला नाही. तिकडे तिच्या गावी, देवरीला, ती ही सिरीज थोडी थोडी पाहायची. मी इकडे रोज तिचं प्रोफाइल उघडायचो. भागाखालची लाल रेघ पुढे सरकलेली दिसली, की समजायचं, ती बरी आहे.

आज ती रेघच नाही. कस्टमर केअरवाल्यावर ओरडलो, तो बिचारा सॉरी सॉरीच म्हणत राहिला. बाजूला बसलेला माझा दोस्त म्हणाला, "अबे, दुसरी सिरीज पाह्य ना! एका सिरीजसाठी कायले रडून राहिला?"

त्याला काय सांगू? ती सिरीज मी कधी पाहिलीच नाही.

आता ती दुसरीकडे कुठे लागते का, कोणाला माहीत आहे? मला नाही पाहायची. तिचे शेवटचे दोन भाग राहिलेत.