बंद न होणारे डबे

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी कंप्युटरचा हॉल सांभाळत होते, तिथल्या मशिनींना पोरं डबे म्हणायची. मला राग यायचा, पण शब्द खोटा नव्हता. मेसच्या डब्याएवढी काळी पेटी, तिला एक स्क्रीन, एक कीबोर्ड आणि पोटात स्वतःचं असं काहीच नाही. सगळं यायचं हॉलच्या कोपऱ्यातल्या एका मोठ्या कंप्युटरकडून, तारेवाटे. प्रश्न त्याचे, उत्तरंही त्याच्याकडेच जमा. बंद होतानासुद्धा डब्याला त्या मोठ्याला विचारावं लागायचं. मोठा म्हणाला जा, की हा जाणार.

आणि हे डबे बंद व्हायचेच नाहीत. संध्याकाळी शेवटच्या बॅचची घंटा झाली की पोरं बंद करण्याचं बटण दाबून दप्तरं उचलायची. स्क्रीन काळी व्हायची, पण पेटीवरचा हिरवा दिवा तसाच जळत राहायचा. रात्रभर सगळा हॉल इन्व्हर्टरची बॅटरी खात बसायचा. लातूरला तेव्हा रात्री आणि पुन्हा सकाळी लोडशेडिंग ठरलेलं. सकाळी लाइट गेली की बॅटरी मान टाकायची आणि सराव परीक्षा अर्ध्यावर मरायची. डबा जबरदस्तीनं बटण दाबून मारावा, तर दुसऱ्या दिवशी मोठा कंप्युटर म्हणायचा, हा मुलगा आत बसलेलाच आहे, पुन्हा कसा येतो? म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

लागोपाठ दोन रविवारी परीक्षा बुडाल्या. नायगाव, रेणापूरहून आलेली, खोल्या करून राहिलेली पोरं वैतागून निघून गेली. क्लासचे मालक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे, त्यांनी मला बोलावलं. "ह्या रविवारी जर परीक्षा बुडाली बाई, तर डबे विकून टाकतो. हॉल रिपीटरच्या बॅचला देतो. कागदावर परीक्षा घेऊन बी पोरं डॉक्टर झालीच की." हॉल गेला की माझी नोकरी गेली, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. गरज नव्हती.

ती नोकरी मला जिवाभावाची होती, हे सरळ सांगते. मी किल्लारीच्या बाजूची. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये अभ्यास केला, नांदेडला डिप्लोमा केला, आणि लातूरात स्वतःच्या पगारावर खोली घेऊन राहणारी आमच्या घरातली मी पहिली मुलगी. गावी काकांनी दोन स्थळं बघून ठेवली होती, नोकरी सुटायचीच वाट होती. मी आईला फोनवर सांगून टाकलं, डबे बंद झाल्याशिवाय मी गावाकडं फिरकत नाही. आई म्हणाली, "कसले डबे गं?" समजावत बसायला वेळ नव्हता.

मग मी हात धुऊन मागे लागले. तारा बदलल्या. एकेक डबा उघडून धूळ झाडली. मोठ्या कंप्युटरमधल्या सेटिंग उलटसुलट केल्या. ज्या दुकानदारानं नांदेडहून येऊन हे सगळं बसवलं होतं, त्याला इतके फोन केले की तो माझा नंबर बघूनच सुस्कारा टाकायचा. "मॅडम, मी तेच तर सांगून राहिलो, डबे चांगले हायेत. तुमच्या लातूरची लाइटच खराब." मी म्हटलं, लाइट खराब असती तर डबे बंद पडले असते, इथं तर ते बंदच होईनात. त्यावर त्यानं दुसरं गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला.

गुरुवारी चमत्कार झाला. घंटा झाली, पोरांनी बटण दाबलं, आणि सगळ्या ओळींतले हिरवे दिवे टपाटप विझले. दुपारीच मी एक सेटिंग बदलली होती. मी तडक खाली जाऊन पेढे आणले. शिपाईकाकांना दिले, रसायनशास्त्राच्या सरांना दिले, अगदी फी घेणाऱ्या बाईंनाही दिले, ज्यांच्याशी माझं पटत नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे दिवे पुन्हा जसेच्या तसे जळत राहिले. रसायनशास्त्राचे सर दारातून डोकावले. "मॅडम, पेढे परत करायचे का? मी तर खाल्ला." मी हसले, आणि ते गेल्यावर टेबलावर डोकं ठेवून रडले. मला अपयशाचं इतकं नाही वाटत, हसं झालं की मात्र फार लागतं.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. सेटिंग तर कालचीच होती. मग काल काय नव्हतं? काल सर नव्हते. घंटेच्या आत परततो म्हणून दुपारीच जीपनं नांदेडला लग्नाला गेले होते आणि तिकडंच अडकले होते. आता सरांचा आणि डब्यांचा काय संबंध? मी हॉलमधून निघालेल्या तारांच्या मागे मागे चालत गेले. त्या सगळ्या व्हरांड्यातून जाऊन सरांच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीच्या मागच्या भिंतीवर एका छोट्या पेटीत एकत्र होत होत्या. डबे आणि मोठा कंप्युटर एकमेकांशी बोलायचे ते त्या पेटीतून. आणि तिला लाइट होती केबिनच्या प्लगची. केबिन म्हणजे पूर्वी वेगळं दुकान होतं, त्याचा विजेचा मेन वेगळा. इन्व्हर्टरची तार तिथंही आणलेली, पण तीही त्याच मेनमधून जायची.

सर रोज घंटा झाली की स्वतःच्या हातानं केबिनचा मेन खाली करून मागच्या जिन्यानं घरी जायचे. घंटेलाच पोरं बटण दाबायची. डबा मोठ्याला विचारायला जायचा, जाऊ का? आणि मध्येच वाट बंद. उत्तर येईना म्हणून तो तसाच ताटकळत बसायचा, सकाळपर्यंत. गुरुवारी सर नव्हते, मेन चालूच राहिला, म्हणून दिवे विझले. मी इकडं हॉलमध्ये धूळ झाडत होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

शनिवारी दुपारी मी सरांना सगळं सांगितलं. पेटी हलवायची तर सगळ्या तारा नव्यानं ओढाव्या लागतील, ते दिवाळीच्या सुट्टीत करू. तोवर एवढंच करा, घंटेनंतर थोडं थांबा, मी सांगते तेव्हा मेन खाली करा. किंवा मेन चालू राहू द्या, मी जाताना करते.

सर एकदम कडक झाले. "मेन मी दुसऱ्याच्या हाती देत न्हाई. अन् कुणाच्या सांगण्यावर बी चालत न्हाई."

"सर, दहा मिनिटांचा प्रश्न आहे."

"न्हाई म्हणलं ना बाई."

भौतिकशास्त्राचा माणूस, वीज शिकवून शिकवून ज्यानं घर बांधलं, तो दहा मिनिटांना नाही म्हणतो! माझा तोल गेला. मी म्हटलं, "मग उद्या परीक्षा बुडाली तर डबे विकू नका सर, ती चूक डब्यांची नाही." बोलून गेले आणि वाटलं, संपलं. आता सामान बांधायला घ्यावं. पण खुर्चीवरून उठले मात्र नाही.

सर खिडकीकडं वळले. मग सांगायला लागले. भूकंपाच्या त्या पहाटे त्यांचं घर बसलं, पण ते आणि धाकटा भाऊ बाहेर निघाले. उजाडल्यावर दोघं शेजाऱ्यांचे पत्रे ओढत होते. खांब आडवा झालेला, तार पत्र्यावर पडलेली. "कुणीतरी म्हणलं, लाइट बंद हाय, ओढा. दिसायला बी बंदच होती. त्यानं हात घातला." त्यांनी मेनच्या खटक्याकडं पाहिलं. "भूकंपातून वाचला होता बाई तो. कुणाच्या तरी सांगण्यावर गेला."

मीही तिथलीच. अशा वेळी काही बोलायचं नसतं हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी मी बोलले, कारण दुसरा दिवस रविवार होता. "सर, माझ्या सांगण्यावर नका चालू. घंटा झाली की हॉलमध्ये या. एकेक दिवा विझलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग जाऊन मेन खाली करा."

शनिवारी घंटा झाली आणि ते आले. हात पाठीमागं बांधून ओळीओळीतून फिरले, पेपर तपासावा तसा एकेक डबा वाकून बघितला. सगळे दिवे विझलेले होते. एका डब्याला त्यांनी हातही लावून पाहिला, गार पडतोय का म्हणून. मग केबिनकडं गेले. थोड्या वेळानं व्हरांड्याच्या टोकाला मेन खाली पडल्याचा खट आवाज आला.

रविवारी परीक्षा सुरू झाल्यावर ठरल्याप्रमाणे लाइट गेली. मी बॅटरीजवळ उभी होते. हॉल चालू राहिला. पोरांनी मान वर करूनही पाहिलं नाही, इतकी ती प्रश्नांत बुडालेली होती. शेवटचा मुलगा पेपर संपवून उठला, तेव्हा मी पायरीवर जाऊन बसले आणि गावाकडच्या काकांना, त्यांच्या दोन्ही स्थळांसकट, मनातल्या मनात एक खणखणीत नमस्कार ठोकला.

पुढे कितीतरी दिवस सर रोज घंटेला हॉलमध्ये येऊन दिवे बघत राहिले. मी दाराशी उभी राहायचे. पोरांना वाटायचं, सर मॅडमवर पाळत ठेवतात. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

दिवाळी जवळ आली होती. त्या संध्याकाळी घंटा झाली, दिवे विझले, सर आलेच नाहीत. मी केबिनपर्यंत गेले. ते मेनच्या खटक्यावर हात ठेवून, भिंतीकडं तोंड करून उभे होते. माझ्या चपलांचा आवाज ऐकून त्यांनी विचारलं, "झाले का बंद?"

"झाले सर. सगळे."

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. हॉलकडंही गेले नाहीत. उभ्या जागीच त्यांनी खटका खाली केला.