डावीकडचा पट्टा

मी शाळेत विज्ञान शिकवते, हे आधीच सांगून टाकते. आमच्या भागात म्हैस आटली तरी भानामती म्हणतात, आणि असल्या लोकांशी मी जन्मभर भांडत आले आहे. आमच्या घरात ना अंगारा, ना गंडा-दोरा. आता मीच हे लिहायला बसले म्हटल्यावर माझे विद्यार्थी हसतील... हसू देत.

१९९६ चा हिवाळा, कापूस वेचणीचे दिवस. आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, इचोड्यापासून सात किलोमीटर आत. बाबा मंडल ऑफिसच्या जीपवर ड्रायव्हर होते. सालदाराचा मुलगा, आणि रिटायर होताना दारात स्वतःची मोटार! जुनी, छोटी, पांढरी... पण गावातली पहिली. हे सांगताना आजही माझी छाती फुगते.

तेव्हा सीट बेल्ट कुणी लावत नसे. लोक सीटवर रेक्झिनचं कव्हर शिवून घेत आणि पट्टे त्याखाली गाडून टाकत. आमच्या गाडीतही तसंच होतं. बाबांनी पहिल्याच दिवशी ब्लेडनं ते छान कव्हर फाडून खटके वर काढले. माय दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पुढे त्यांनी मला गाडी शिकवली तेव्हा पहिला धडा पट्ट्याचाच होता.

"पयले हळू वढ. येते ना? आता झटका दे. अडकाले पाह्यजे. नाई अडकला त थो पट्टा नाई, नुसती चिंधी हाये."

मग बाबांना लकवा मारला. जीभ वाचली, पण उजवा हात पार गेला, बोटसुद्धा हलेना. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे काका, गाडीला गिऱ्हाईक घेऊन आले. "बाई मानूस का हायवेवर गाडी चालवन?" म्हणाले. अंगणात चार माणसं जमली होती. बाबा खाटेवरून म्हणाले, "सोमवारी माही पोरगी नंदाले मुलाखतीले आदिलाबादले नेऊन आनते. गाडीले वरखडा जरी आला त खुशाल घेऊन जा."

नंदा माझी धाकटी बहीण. आता तिची मुलाखत आणि बाबांचा शब्द, दोन्ही माझ्या हातात होतं. सोमवारी सकाळी आठला निघालो. घाईत मी फक्त माझा पट्टा ओढून पाहिला. तिचा राहिला... चूक माझीच.

हायवे अर्ध्या किलोमीटरवर असेल. नंदा म्हणाली, "ताई, काऊन वढून राह्यली माहा पट्टा?"

माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. मी वळून पाहिलं. तिच्या छातीवरचा पट्टा हळूहळू पुढे येत होता, कुणी दोन बोटांत धरून ओढावा तसा. मग थांबला. आणि मग एकदम झटका! अडकायला हवा होता, पण अडकला नाही — हातभर सुटून तिच्या मांडीवर पडला.

मी गाडी बाजूला घेतली. नंदा रडायला लागली. मी स्वतः झटका देऊन पाहिला... खरंच अडकत नव्हता. खाली दरवाज्याजवळ पट्ट्याची गुंडाळी असते, तिथलं झाकण काढलं तर आत कापूसच कापूस! ओसरीतल्या ढिगातून उंदरांनी नेऊन घरटं केलं होतं. हेअरपिननं सगळा उपसला. पुन्हा झटका दिला. खट्! अडकला.

रस्ता खराब होता, हादरा बसला असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण आधी हळू आणि मग झटका, हा क्रम हादऱ्याला कुणी शिकवला?

इचोडा सोडलं आणि पुढच्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला. मीही जीव खाऊन मारला. थांबलो तेव्हा ट्रकच्या फळीत आणि आमच्यात वीतभर जागा उरली होती. नंदा पुढे फेकली गेली होती, पण पट्ट्यानं तिला धरून ठेवलं. खांद्यावर वळ उठला, तेवढंच. मुलाखतीला वेळेवर पोचलो.

संध्याकाळी परतलो तर माय दारातच उभी. मुलाखतीचं विचारलंच नाही. "तुह्या बापाचा हात हालला वो! तुमी गेल्यावर, झोपेत. पयले हळू वढला, मंग असा झटका देल्ला... माह्या डोयानं पाह्यलं."

मायला पट्ट्याची ती परीक्षा ठाऊक नव्हती. पुढच्या सीटवर ती कधी बसलीच नव्हती. नंदानं सकाळचं सगळं सांगून टाकलं आणि अंगण भरलं. काकांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, वरखडा सापडला नाही. मग म्हणाले, "म्हंजे बापानंच वाचवलं. पोरीनं काय केलं मंग? इकून टाका."

बाबा भडकलेच. "माहा हात मेलेला हाये, डाक्टरले इचारा. मले नका सांगू चमत्कार. कापूस कोनं काहाडला? ब्रेक कोनं मारला? पोरीनं! गाडी इथंच राह्यते."

त्या हाताची हालचाल पुन्हा कधीच झाली नाही, बाबा जाईपर्यंत. त्यांना मी एकटं गाठून कितीदा विचारलं. ते विषय बदलायचे. झोपेत होते, त्यांनाही ठाऊक नसेल... की होतं? विज्ञान शिकवून केस पिकले, उत्तर अजून सापडलेलं नाही. गाडी मात्र पुढे अकरा वर्षं मीच चालवली.