पाण्याखालचं कुरण

नारायण गेल्याची तार आली तेव्हा मी नागपुरात शाळेत शिकवायला निघालो होतो. त्याच्या गावी, बीबीला, पोचेपर्यंत सारं आटोपलं होतं. कॉलेजात एका खोलीत राहिलेल्या मित्राचं शेवटचं दर्शनही झालं नाही...

वनस्पतिशास्त्र शिकून तो मद्रासकडच्या किनाऱ्यावर संशोधनाला गेला आणि उथळ समुद्राच्या तळाशी वाढणाऱ्या गवतात कायमचा गुंतला. सुटीत आला की वडिलांना, म्हणजे आबांना, समजावून सांगायचा. हे शेवाळ नव्हे, खरं गवत. मुळं रोवतं, पाण्यातच फुलतं, बी धरतं. समुद्रगायी त्यावर चरतात. आबांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण कुरण म्हटल्यावर त्या शेतकऱ्याला सगळं कळलं.

पुढे तिथे बंदराचं काम निघालं. उपसलेला गाळ कुरणावर बसला, गवत कुजू लागलं. नारायणने अर्ज केले. गवतासाठी बंदर थांबत नसतं, असं उत्तर मिळालं. मग कमरेइतक्या पाण्यात उभा राहून तो स्वतःच मुळं लावत राहिला. एकही जगलं नाही. अखेर क्षयाचा ताप आणि काचेच्या बरणीत मुळांसकट थोडी पाती, एवढं घेऊन तो घरी आला.

उन्हाळ्यात मी भेटायला गेलो, तेव्हा त्याला औषध लागू पडत नव्हतं आणि बरणीतली पाती पिवळी पडत होती. पोरासाठी काय करावं, आबांना सुचेना. एका सकाळी ते छकडा जुंपून लोणारला गेले आणि सरोवराच्या पाण्याची घागर भरून घेऊन आले.

“खारं हाये,” ते म्हणाले. “चालन ना तुह्या गवताले?”

लोणारचं पाणी सोड्याचं. त्यात हे गवत जगणार नाही, हे नारायण पुरतं जाणून होता. आबांच्या धुळीने माखलेल्या चेहऱ्याकडे तो पाहत राहिला...

“चालते, आबा. ओता.”

पाती काळी पडली. आबा बरणीपाशी नुसते बसून राहिले, तेव्हा तो एवढंच बोलला, “ते पयलेच मेलं होतं, आबा.”

मी नागपूरला परतलो आणि थोड्याच दिवसांत ती तार आली.

गेल्या आठवड्यात पुन्हा बीबीला गेलो होतो. निघताना आबांनी दाराशी थांबवलं.

“तू शिकेल हायेस. खरं सांग, माह्या पाण्यानं मेलं का ते?”

“नाही आबा. पयलेच मेलं होतं.”

ते नारायणच्या खोलीत गेले. खिडकी उघडली आणि त्याची रिकामी खाट कोवळ्या उन्हात ओढून घेतली... तो असताना ओढत तशीच, त्याला हिसका बसू नये इतक्या हळू.