बंदुकीचं गोडं पाणी

रोह्याच्या मंडळानं स्मरणिका काढलीय. त्यात आमच्या ह्यांचा फोटो हाय, फेटा बांधलेला, हातात तलवार. खाली छापलंय, "जुन्या शस्त्रांची निष्ठेनं सेवा करणारे काळुराम घरत." आमच्या लेकीनं, पुतळीनं मला वाचून दाखवलं, तेव्हा म्हटलं, मिट गो ते पुस्तक. निष्ठा म्हणे! ह्या माणसाबरोबर मी चाळीस वर्षं काढलीत. मला येऊन विचारायला कोणाचे पाय मोडले होते काय? नाय विचारलं तर नाय. मी आपली न विचारता सांगते.

ह्यांच्याकडं एक ठासणीची बंदूक होती आणि चार तलवारी. बंदूक सासऱ्यांची. आमचं घर खाडीच्या बाजूला, पेणच्या खारपाटात. पण सासऱ्यांचा एक तुकडा वर डोंगराच्या कडेला, गागोद्याच्या अंगाला होता. तिथं रानडुकरं भात लोळवायची, म्हणून सासऱ्यांना शेताच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना मिळाला. सासरे गेल्यावर तो ह्यांच्या नावावर झाला. डुक्कर म्हणाल तर एक मारलं नाय, ना बापानं ना लेकानं. तलवारी मात्र ह्यांनी हौसेनं जमवल्या. धार बोथट केलेल्या, पण दिसायला झळझळीत.

ह्या सगळ्याचं कारण हैबतराव. रोह्यात शिवजयंतीला कुंडलिकेच्या काठी मैदानात हे हैबतराव लढाईचा देखावा करायचे. एकीकडं मावळे, दुसरीकडं गनीम, मधे धूळ. त्यात ह्यांच्या तलवारी खणखणायच्या आणि शेवटी ह्यांची बंदूक वाजायची. पोलिसांचा कागद असायचा त्याला. गोळी नाय, नुसती दारू भरायची. आवाज झाला की लोक टाळ्या पिटायचे आणि आमचे हे असे चालायचे, जसा काय गड ह्यांनीच घेतला.

देखावा वर्षातून एकदा. राखण बाराही महिने. हे नागोठण्याकडं एका कंपनीत फिटर होते. शिफ्टवरून आले की पोरांची चौकशी नाय, जेवण नाय, पहिले पडवीत जाऊन तलवारींवर बोट फिरवायचे. आमच्याकडं खाडीचा वारा. खिळा ठोकला तर चार दिवसांत तांबडा होतो. म्हणून तलवार म्यानात ठेवायची नाय, चामडं ओल धरतं. जुन्या धोतराच्या पट्टीत गुंडाळायची, मशीनचं तेल लावून. खोबरेल लावलेलं चालायचं नाय, ते थिजतं म्हणे. माझ्या केसांना तेल हाय की नाय ते ह्यांनी जन्मात बघितलं नाय.

आणि बंदुकीचे लाड तर इचारू नका! दारूची काजळी नळीत राहिली तर ती हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड खाते. म्हणून वाजवल्या दिवशीच उकळतं पाणी नळीत ओतायचं, गजाला चिंधी बांधून घासायचं, पुन्हा ओतायचं, काळं पाणी निवळ होईपर्यंत. आठ-दहा तांबे तरी जायचे. आणि पाणी कुठलं? गोडं! गावच्या विहिरीचं खारं पाणी तिला चालायचं नाय. हे गागोद्याकडून फटफटीला दोन कॅन बांधून आणायचे आणि पडवीत कुलपात ठेवायचे. कुलपात! ज्या गावात बायका टँकरच्या मागं घागरी घेऊन धावतात, एका हंड्यासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटतात, तिथं माझ्या घरात गोड्या पाण्याला कुलूप, आणि ते बंदुकीसाठी. मी भांडून भांडून थकले. ह्यांचं एकच, "तुला काय कळतं गो? लोखंड हाय ते."

"आणि मी कशाची हाय?" मी विचारायची. हे कुलूप ओढून बघायचे.

धुवायचं काम दामू करायचा. दामू डोंगराजवळच्या वाडीवरचा. हे कंपनीत लागायच्या आधी दोघं मिठागरावर बरोबर होते, तेव्हापासूनचा. ह्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला तसं सगळंच दामूच्या हातावर आलं. घासणं, तेल, पातं पक्कं बसावं म्हणून मुठीत लाख भरणं. हात चांगला होता त्याचा, कमी बोलायचा. बोलायला ह्यांनी कधी दिलंच नाय म्हणा. काही बिघडलं की पहिली शिवी दामूला.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. शिवजयंतीच्या आधी आठ दिवस आमची पुतळी बाळंत झाली होती, माझ्याकडंच. तिला ताप. बाळ एवढंसं. नळ तर नावालाच होता आणि टँकर तीन दिवस आला नव्हता. खाऱ्या पाण्यानं बाळाचं अंग लाल झालं, चोळलं की कळवळून रडायचं. पुतळीला पाणी दिलं की ती तोंड वाकडं करायची. शिवजयंतीच्या दिवशी हे सकाळीच सामान घेऊन देखाव्याला रोह्याला गेलेले. जाताना मी सांगितलं होतं, "अवो, एक कॅन द्या, पोरीला ताप हाय." तर म्हणाले, "संध्याकाळी बंदूक कशानं धुवू? तुझ्या आसवांनी?"

त्या शब्दानं माझं डोकं फिरलं. कुलपाची चावी ह्यांच्या दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात असायची. मी ती घेतली, दोन्ही कॅन रिकामे केले. पोरीला पाजलं, बाळाला आंघोळ घातली, दोन हंडे भरून ठेवले. मग विहिरीचं खारं पाणी शेंदून कॅन होते तेवढे भरले आणि कुलूप लावलं. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी हे आले, हैबतरावांचं कौतुक करत. दामूनं पाणी तापवलं, बंदूक धुतली, पुसली, तेल लावून ठेवली. कोणाला काही कळलं नाय. दुसऱ्या दिवशी टँकर आला.

पावसाळा गेला. दसऱ्याला ह्यांनी बंदूक काढली, गजाला चिंधी लावून फिरवली, तर चिंधी तांबडी. ह्यांनी आकाशाला शिव्या दिल्या, पावसाला दिल्या, मग दामूला दिल्या. मी भाकरी थापत होते. तेव्हाच सांगायचं होतं. नाय सांगितलं. एक तर ह्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आणि दुसरं, माझ्याच मनात होतं की गंजू दे मेलीला. सवत गंजली तर कोण रडतं?

मग विधानसभेची निवडणूक आली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. तिथं दोन महिने ती कोपऱ्यात पडली, ना तेल ना फडकं. परत आणली ती शिवजयंतीच्या तोंडावर. ह्यांनी घासलीन, वरून चकाचक केलीन. आत एका डोळ्यानं काय दिसणार? आणि जो गंज आत खोल बुडाशी बसतो, तो चिंधीनं थोडाच निघतो!

आता मला भीती वाटायला लागली. कारण बंदूक वाजवताना ह्यांचा गाल तिच्या कडेला असतो. नळी फुटली तर? नवरा कसाही असला तरी नवरा हाय. रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. आणि रोज हे काहीतरी असं बोलायचे, की माझं तोंड शिवलं जायचं.

एक गोष्ट ह्यांच्या बापानं बरी लावून दिली होती. देखाव्याच्या आधी बंदूक बांधून वाजवायची. बांधावर एक जुना ओंडका होता, त्याला बंदूक काथ्यानं करकचून बांधायची, नेहमीपेक्षा जास्त दारू, वर काथ्याची गुंडी ठासायची, आणि चापाला दोरी लावून बांधाच्या पलीकडून ओढायची. तिथं टिकली तर माणसाच्या हातात द्यायची. मी मनाला समजावलं, बांधून तर वाजवणार हायत. काय ते तिथंच कळेल.

त्या दिवशी हैबतराव जीप घेऊन आले. त्यांना ह्या वर्षी मोठा आवाज हवा होता, कोणी मोठा पाहुणा येणार होता म्हणे. "काळुराम, घर हललं पाहिजे!" असं ओरडत होते. दोरी दामूच्या हातात. मी हातातलं काम टाकून बांधावर गेले.

"दामू, अजून मागं हो," मी म्हटलं. "पार खाली बस."

"तू कशाला आलीस मधे?" हे खेकसले.

दामू खाली बसला. दोरी ओढली.

असा आवाज मी आधी ऐकला नव्हता. धूर निवळला तर ओंडका चिरलेला आणि बंदूक बुडाशी फाटून उघडी पडलेली. एक तुकडा उडून चिखलात रुतला होता. माणसाला काही लागलं नाय, देवाची कृपा.

हे तिथंच बसले. तुकडा उचलला, बोटानं आतून चाचपला. आत खड्डेच खड्डे. हैबतराव आधी घाबरले आणि मग चवताळले. "मी काय सांगू मंडळाला? काळुराम, हा तुझा वाडीवरचा माणूस दारू चोरतो आणि वाटेल ते भरतो. नाय तर धुतलीच नसेल नीट. ठाण्यात घाल ह्याला, चार पडल्या की बोलेल."

"मी धुतली होती," दामू म्हणाला. "जशी धुतो तशी."

ह्यांनी उठून दामूच्या थोबाडीत मारली. कसली मारली! माझ्या बापाची बंदूक, माझ्या बापाची बंदूक, असं ओरडत दुसरी मारली. दामू हात वर न करता उभा. हैबतराव जीपकडं निघाले, म्हणाले, "बसव ह्याला मागं, पेणला नेतो."

तेव्हा मी बोलले. "मी खारं पाणी भरलं होतं," म्हटलं. "मागल्या वर्षी. कॅनमधलं गोडं पाणी तुमच्या लेकीला पाजलं आणि नातवाला आंघोळ घातली, आणि विहिरीचं भरून ठेवलं. दामूनं त्यानंच धुतली. न्यायचं असेल तर मला न्या, मी बसते जीपमधे."

हैबतरावांनी माझ्याकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं, आणि घरगुती भांडणात पडायला नको म्हणून जीप चालू करून गेले. हे माझ्याकडं आले. वाटलं, आता मला मारणार. मी पदर खोचून उभी राहिले, म्हटलं, मारून तर बघा.

तेवढ्यात दामू बोलला. "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?" हे वळले.

"पाणी खारं होतं ते. बार पेटवायची टोपी बसते त्या भोकात फुंकर मारायची असते ना, मी तोंड लावलं. मीठ लागलं तोंडाला."

ह्यांनी फुटका तुकडा पुन्हा उचलला. "मग सांगितलं का नाय रे? तेव्हाच पुन्हा धुतली असती गोड्यानं. माझी बंदूक वाचली असती."

"त्याच्या आदल्या साली सांगितलं होतं, तलवारीची लाख सुटलीय, मूठ हातात येईल," दामू म्हणाला. "तुम्ही म्हणालात, मला शिकवतोस? आणि मारलात. मैदानात मूठ निघाली तेव्हा परत मारलात. मग ठरवलं, आपण सांगायचं नाय."

एवढं बोलून त्यानं दोरी गुंडाळून ओंडक्यावर ठेवली, नीट, रोज ठेवायचा तशी, आणि बांधाबांधानं निघून गेला. ह्यांनी हाक मारली नाय.

फुटलेली बंदूक ठाण्यात दिली, परवाना गेला. आठ दिवसांनी तलवारींवर तांबडं दिसायला लागलं, तेव्हा हे दामूला बोलवायला वाडीवर निघाले. मीपण गेले, म्हटलं बघू काय बोलतात. दामूची बायको ठमी दारात उभी राहिली. "नाय घरात," म्हणाली. आत दामू खोकत होता, आम्हाला दोघांनाही ऐकू येत होतं. हे अंगणात उभे राहिले, चप्पल मातीत घासत. मी मागनं म्हटलं, "चुकलो म्हणा की! जीभ झिजेल काय?" ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मागं फिरले. तसे अजून दोनदा जाऊन आले. तो शब्द काही निघाला नाय. तलवारी मग रोह्याच्या मंडळाला देऊन टाकल्या.

लोकांना मी हे सांगते तेव्हा बायका म्हणतात, इंदुबाई, तू धीराची, तू बोललीस म्हणून गरीब माणूस ठाण्यातून वाचला. मीपण मान हलवते. पण ह्यांनी दामूला दोन थोबाडीत मारल्या, आणि मी बोलले ते दुसरीनंतर, जीपचं नाव निघाल्यावर. पहिली बसली तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि गप्प होते. दामूनं तेव्हा माझ्याकडं बघितलं होतं.