पोरगं वर आलं का?

"आज निकाल हाय. पोरगं वर येतंय."

आतून आक्कांचा आवाज आला आणि मी पायरीवरच थांबले.

"कुणाचं पोरगं?" माप द्यायला आलेल्या बाईनं विचारलं.

"पुस्तकातलं, बया. राक्षसानं खाली नेलेलं. आमच्या मॅडमचं शेवटचं पुस्तक वाचून झालंय म्हणं."

"मग पेढे वाटा की!"

दोघी हसल्या, मग मशीन सुरू झालं. ते पुस्तक माझ्या पिशवीतच होतं. मी ते संपवलं होतं. पोरगं वर आलेलं नव्हतं.

सास्तूरमध्ये आमच्या मागच्या गल्लीत आक्का शिवणकाम करायच्या. मी इंग्रजी शाळेत जाणारी, म्हणून आक्कांची 'मॅडम'; घरीसुद्धा मोजकं बोलणारी. युनिफॉर्म उसवला म्हणून पहिल्यांदा गेले आणि कोपऱ्यात पुस्तक उघडून बसले.

"काय लिवलंय त्यात? सांग की. हात गुतल्यात माझे, कान रिकामेच हायेत."

मी पुटपुटत सांगायला लागले.

"मोठ्यानं सांग. हळू सांगितलेलं खरं वाटत न्हाय."

हे वाक्य पुढं मी कितीदा ऐकलं असेल! गोष्ट ऐकताना काही माणसं तोंडाकडं बघतात, तुम्हीही पाहिलं असेल. आक्का सुईकडं बघायच्या. पण गोष्टीत कुणावर संकट आलं की त्यांचा पाय पायडलवर थांबायचा. त्यावरून मला कळायचं.

गोष्ट अशी होती. डोंगराखाली एक राक्षस झोपलाय. तो कूस बदलतो तेव्हा वरची शहरं पडतात. पहिल्याच पुस्तकात तो एका मुलीच्या धाकट्या भावाला खाली ओढून नेतो. पुढच्या प्रत्येक पुस्तकात बहीण त्याचा आवाज ऐकत फिरते. मी एकेक पुस्तक वाचायचे आणि आक्कांना मराठीत सांगायचे.

आक्कांच्या खिडकीत एक तांब्या उपडा ठेवलेला असायचा, त्यावर स्टीलची वाटी. जमीन हलायला लागली की आधी वाटी वाजते, असं त्या म्हणायच्या. यंदा आक्का मुलाकडं पुण्याला गेल्या तेव्हा तांब्या आणि वाटी माझ्याकडं ठेवून गेल्या. आता ती दोन्ही माझ्या खिडकीत आहेत.

आक्कांकडं असताना एकदा ती वाटी खणखणली. आक्कांनी समोरच्या बाईला दंडाला धरून थेट रस्त्यावर आणलं. तिच्या अंगात टाचण्या लावलेला ब्लाउज, एक बाही होती, दुसरी नव्हतीच. बघतात तर उसाचा ट्रॅक्टर चाललेला.

"आक्का, माझी अब्रू गेली की हो!"

"जीव हाय न्हवं? अब्रू शिवून देते."

गल्ली हसली. आक्कांनी आत जाऊन वाटी पुन्हा तांब्यावर ठेवली. त्या हसल्या नव्हत्या.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा त्या शाळकरी पोर होत्या. त्याबद्दल एकदाच बोलल्या, दोरा ओवता ओवता.

"मला काढलं. धाकटा खालीच हुता. दुपारपतोर आवाज देत हुता. म्या दगड उचलाय गेले, तर मलाच धरून मागं वढलं." मग दोरा दातानं तोडून म्हणाल्या, "तुझ्या पुस्तकातला देतोय का अजून आवाज?"

"देतोय."

"मग चालू दे."

यंदा जमिनीतून पुन्हा आवाज यायला लागले. खोल, जड, खाली कुणी मोठं दार आपटावं तसे. पत्रे थरथरायचे आणि कुत्री एकदम गप्प व्हायची. घाबरू नका म्हणून सांगणारी गाडी गावातून फिरून गेली. आक्कांच्या दारावरच्या भिंतीला भेग पडली होती. दर आवाजानंतर ती थोडी लांबायची. पुण्याहून मुलगा रोज फोन करायचा.

"पोरगं वर आलं की येते," आक्का त्याला सांगायच्या. तो वैतागून फोन ठेवायचा. त्याला ती थट्टा वाटायची. मला वाटत नव्हती. खालून आवाज देणाऱ्याला तसंच सोडून जायचं, हे त्यांना दुसऱ्यांदा जमणार नव्हतं.

अशात ते शेवटचं पुस्तक आलं. त्यात लढाई झाली. राक्षस कसा मेला ते नीट कळलंच नाही. मग राज्याभिषेक, मग लग्न. नवरीच्या झग्याचं पानभर वर्णन होतं. भावाचा कुठं उल्लेखच नाही. पानं गळली असतील म्हणून मी पुस्तकाची बांधणी तपासली, पुन्हा मागून पुढं वाचत आले. पानं सगळी होती. लेखिका त्याला विसरली होती. तो खालीच राहिला होता आणि वर वाजंत्री वाजत होती.

मी आक्कांच्या गल्लीतून जाणंच टाळायला लागले. त्यांचा निरोप आला, "मॅडमचा ब्लाउज तयार हाय." मी ब्लाउज शिवायला टाकलाच नव्हता.

म्हणून त्या दिवशी मी पायरीपर्यंत गेले. पेढ्यांचं ऐकलं आणि परत फिरणार, एवढ्यात खालून आवाज झाला. आजवरचा सगळ्यांत मोठा. पायाखालची फरशी हातभर सरकल्यासारखी वाटली. आत वाटी पडली आणि घरंगळत गेली.

आक्कांनी त्या बाईला बाहेर ढकललं. सगळी गल्ली रस्त्यावर आली. आक्का मात्र उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, मान कलती करून, खाली कान देऊन. वरच्या भेगेतून माती त्यांच्या केसांवर पडत होती.

"आक्का, बाहेर या!" बायका ओरडल्या.

"थांबा गं. ऐकू द्या." मग त्यांना मी दिसले. "मॅडम, वर आला का न्हाय?"

"आला," मी म्हणाले.

"आँ?"

"आला, आक्का."

"ऐकू येत न्हाय. कुणी काढला?"

घरी मी एक शेवट रचून ठेवला होता. त्यात जादू होती, दिव्य प्रकाश होता. त्यातलं काहीच मला आठवलं नाही. दुसरा आवाज झाला. चौकट करकरली. आक्का माझ्याकडं बघत तिथंच उभ्या होत्या.

मग मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "बहिणीनं काढला, आक्का! कुणी तिला मागं ओढलं नाही. तिनं आपल्या हातानं दगड उचलले आणि त्याला वर काढलं!"